भिंतीवरचा गेरू आणि भुईतला गेरू : विष्णू श्रीधर वाकणकर

जबलपूरहून कटनीकडे जाणाऱ्या वाटेवर सिहोरा आणि गोसलपूर यांच्या आसपास लोहखनिजाच्या टेकड्या लागतात. त्या खनिजाचा प्रमुख घटक हेमेटाइट होय. याच मुलखात अगरिया जमातीचे लोक पिढ्यान् पिढ्या मातीच्या भट्ट्यांतून लोखंड गाळीत आले आणि कटनीच्या परिसरातून गेरू व रामरज, म्हणजे लाल व पिवळी माती, बाजारात जात राहिली. मराठी घरात लाल मातीला काव म्हणतात. तुळशीवृंदावनाला, ओट्याच्या कडेला, उंबरठ्याला ती लावताना आपण मानवजातीचे सर्वांत जुने रंगद्रव्य हाताळीत आहोत हे कुणाच्या मनातही येत नाही. लोह आणि प्राणवायू यांचे हे साधे संयुग अक्षर जन्माला येण्यापूर्वी हजारो वर्षे माणसाने खडकावर फासले. तेच त्याने मृताच्या अंगावर आणि थडग्याच्या मातीवरही घातले. मध्य भारतात या लाल रंगाचा माग एका मराठी माणसाने आयुष्यभर काढला. तो मूळचा चित्रकार होता. खडकाच्या भिंतीवर दिसणारा रंग आणि भिंतीच्या पायथ्याशी भुईत पुरलेला रंग यांची गाठ घालून देता येईल काय, या एका प्रश्नाभोवती विष्णू श्रीधर वाकणकर यांच्या कार्याचा मोठा भाग फिरत राहिला.

या प्रश्नाचे गांभीर्य कळण्यासाठी मध्य भारताबाहेरची काही उदाहरणे ध्यानात घ्यावी लागतात. १८२३ मध्ये विल्यम बकलंड यांना वेल्समधील पॅव्हिलँडच्या गुहेत गेरूने माखलेला एक मानवी सांगाडा सापडला. त्यांनी तो रोमन काळातील स्त्रीचा ठरविला आणि ‘तांबडी बाई’ हे नाव त्याला कायमचे चिकटले. पुढे तो तरुण पुरुषाचा आणि तेहतीस हजार वर्षांच्या आसपासचा असल्याचे सिद्ध झाले. रशियातील सुंगीर येथे हस्तिदंती मण्यांनी मढविलेले मृतदेह गेरूत निजविलेले आढळले. ऑस्ट्रेलियातील मंगो सरोवराच्या काठी १९७४ मध्ये मिळालेल्या सांगाड्यावर गेरू शिंपडलेला होता, आणि तो सुमारे चाळीस हजार वर्षांपूर्वीचा मानला जातो. मेक्सिकोतील पालेंके येथे १९९४ मध्ये उघडलेल्या शवपेटीत मात्र गेरू नव्हता, हिंगूळ होता. हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक यांचे संयुग. डोळ्यांना लाल ते लालच दिसते. त्यातील एक रंग डोंगराच्या कुशीत फुकट मिळतो, तर दुसरा दूरवरून आणावा लागतो आणि विषारीही असतो. हा भेद प्रयोगशाळेवाचून कळत नाही, आणि तो कळल्याशिवाय त्या दफनामागील समाजाविषयी बोलणेही व्यर्थ ठरते. बकलंड यांची चूक रंग ओळखण्यात झाली नव्हती. रंगाला काळ जोडण्यात ती झाली होती. वाकणकरांपुढेही पुढे तोच पेच उभा राहणार होता.

वाकणकरांचा जन्म ४ मे १९१९ रोजी नीमच येथे झाला. ग्वाल्हेर, इंदूर, धार, देवास ही संस्थाने आणि सागर-जबलपूरकडचा प्रदेश येथे मराठी राजवटींबरोबर गेलेली मराठी कुटुंबे दोनशे वर्षांत तेथलीच होऊन गेली होती. घरात मराठी, दारात माळवी, शाळेत हिंदी आणि दप्तरात इंग्रजी अशी त्यांची भाषिक घडण असे. वाकणकर हे याच समाजाचे अपत्य. निकटवर्तीय त्यांना हरिभाऊ म्हणत. त्यांचे रीतसर शिक्षण चित्रकलेचे झाले आणि उज्जैन ही त्यांची कर्मभूमी ठरली. तेथे त्यांनी भारती कला भवन ही चित्रकलेची संस्था उभारली आणि विद्यार्थी घडविले. पुढे विक्रम विद्यापीठाच्या पुरातत्त्वविभागाशी त्यांचा दीर्घकाळ संबंध राहिला. चित्रकार म्हणून आयुष्य सुरू केलेल्या या माणसाला पुरातत्त्वाकडे वळविणारे निमित्त एखादे नाणे किंवा शिलालेख नव्हते, रंग हेच होते. उज्जैनचे नाव ज्या कवीशी निगडित आहे त्या कालिदासाने मेघदूतातील विरही यक्षाच्या हाती खनिज रंग देऊन त्याच्याकडून शिळेवर प्रियेचे चित्र काढविले आहे. शिळेवर धातुरंगाने चित्र काढणे ही गोष्ट संस्कृत कवीला नित्याची वाटत होती, याकडे साहित्याच्या अभ्यासकांनी फारसे लक्ष दिलेले नाही. वाकणकरांच्या डोळ्यांसमोर त्या कल्पनेचे मूळ रूप विंध्याच्या कडेकपारींत जागोजागी उभे होते.

अर्थात भारतातील शैलचित्रांचा शोध त्यांनी लावला असे म्हणणे अन्यायाचे होईल. आर्चिबाल्ड कार्लाइल या पुरातत्त्व खात्यातील अधिकाऱ्याला १८६७-६८ मध्येच मिर्झापूरच्या सोहागीघाटात खडकावरची चित्रे दिसली होती. स्पेनमधील आल्तामिराच्या गुहेचा गवगवा होण्याच्या अकरा-बारा वर्षे आधीची ही गोष्ट आहे. कार्लाइल यांनी विंध्यातील शैलाश्रय खणले. त्यांना सूक्ष्मास्त्रे, म्हणजे गारगोटीची इवली पाती, मिळाली. त्यांच्या सोबतीने घासून पैलू पडलेले गेरूचे तुकडेही मिळाले. हेच तुकडे उगाळून वरची चित्रे काढली असावीत, इतके साधे आणि इतके महत्त्वाचे अनुमान त्यांनी केले. परंतु त्यांनी आपले काम नीट प्रसिद्ध केले नाही. १९०६ मध्ये व्हिन्सेंट स्मिथ यांनी त्यांच्या टिपणांतील मजकूर छापला, तोवर त्या निरीक्षणाची धार बोथट झाली होती. १९३० च्या दशकात जी. आर. हंटर यांनी पचमढीच्या डोंगरात डोरोथी डीप या शैलाश्रयाचे उत्खनन केले. तेथे सूक्ष्मास्त्रांच्या थरात मानवी अस्थीही आढळल्या. डी. एच. गॉर्डन यांनी त्याच डोंगरांतील चित्रांची कालक्रमवारी लावण्याचा प्रयत्न केला, पण ती चित्रे फार प्राचीन असावीत असे त्यांना वाटले नाही. अशा रीतीने भिंत आणि भुई यांचे दोन अभ्यास एकमेकांना पाठ करून बसले होते.

या दोहोंना जोडणारे काही हाती लागेल ते गेरूच्या तुकड्यातच, हे कार्लाइल यांचे जुने सूत्र वाकणकरांच्या कामातून पुन्हा वर आले. भिंतीवरील चित्राला तारीख नसते. हेमेटाइटमध्ये कार्बन नसल्यामुळे किरणोत्सर्गी कार्बनाच्या पद्धतीने त्याचे वय काढता येत नाही. रंग कालवताना डिंक, चरबी किंवा रक्त वापरले असेल, तर ते सेंद्रिय द्रव्य उघड्या खडकावर हजारो वर्षांत बहुधा नष्ट झालेले असते. उलट भुईतील थराला तारीख मिळू शकते, कारण त्यात कोळसा असतो, हाड असते, शिंपला असतो. आता त्या थरात उगाळलेला गेरू मिळाला, तर त्या काळी तेथे कोणीतरी रंग करीत होते एवढे निश्चित होते. कोणते चित्र, हे मात्र निश्चित होत नाही. पुढील सारा वाद या ‘मात्र’पाशी अडला आहे.

१९५४ च्या सुमारास वाकणकरांनी शैलचित्रांच्या शोधाला वाहून घेतले. चंबळ, बेटवा आणि नर्मदा यांच्या खोऱ्यांत ते पायी हिंडले. खांद्यावर झोळी, तीत कागद, रंग आणि पेन्सिली असत. मिळेल तेथे मुक्काम पडे. १९५७ मध्ये भोपाळ-इटारसी मार्गावर गाडीतून जाताना त्यांना दूरवर उभे सुळके आणि कमानीसारखे खडक दिसले. त्यांनी वाट वाकडी केली आणि ते भीमबेटकाला पोहोचले. या स्थळाचा उल्लेख १८८८ मध्ये किंकेड या इंग्रज अधिकाऱ्याच्या लेखात येऊन गेला होता. पण तो ऐकीव होता आणि बौद्ध अवशेषांच्या संदर्भात होता. तेथील चित्रे वाकणकरांच्याच डोळ्यांना दिसली. त्या टेकड्यांत सातशेहून अधिक शैलाश्रय मोजले गेले असून त्यांपैकी २४३ एकट्या भीमबेटका समूहात आहेत. वाकणकरांनी टेकडीला आकडा, टेकडीवरील विभागाला इंग्रजी अक्षर आणि प्रत्येक आश्रयाला क्रमांक अशी नोंदीची पद्धत बसविली. तीन-एफ-२४, तीन-ए-२८ ही आज जगभरच्या संशोधनपत्रिकांत वावरणारी नावे त्या पद्धतीतूनच आली. हस्तलिखितांच्या सूचीचे काम ज्यांनी केले आहे त्यांना या रुक्ष वाटणाऱ्या उद्योगाचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

त्यांच्या नकला हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. एकाच भिंतीवर शतकानुशतके चित्रांवर चित्रे काढली गेली. हरणाच्या पोटावर घोडेस्वार आला, घोडेस्वाराच्या ढालीवर आणखी काही आले. कोणती रेघ कोणत्या रेघेच्या वर आहे हे ठरविणे म्हणजे पाठचिकित्सेतील प्रक्षेप ओळखण्यासारखेच काम होय. त्यासाठी रेघ स्वतः पुन्हा काढून पाहावी लागते. चित्रकार असण्याचा लाभ येथे झाला. कुंचला कोठून सुरू झाला आणि कोठे उचलला गेला, रंग दाट होता की पातळ, बोटाने लावला की काडीच्या चेचलेल्या टोकाने, हे त्यांना हाताच्या अनुभवाने कळत असे. लाल रंगाच्या छटा त्यांनी वेगवेगळ्या नोंदविल्या. केशरीकडे झुकणारा, विटकरी, जांभळट, काळसर तांबूस असे त्यांचे अनेक प्रकार आहेत. या छटांचे कारण रसायनात आहे. हेमेटाइटचे कण बारीक असले तर रंग उजळ दिसतो आणि भरड असले तर तो जांभळ्याकडे जातो. मँगेनीज मिसळले तर काळपट होतो. पिवळी रामरज अडीचशे-तीनशे अंश सेल्सियसपर्यंत तापविली तर तिच्यातील पाणी निघून जाते आणि ती लाल होते. चुलीत पडलेल्या पिवळ्या खड्याचा लाल झालेला रंग आदिम माणसाने पाहिला असेलच.

पुरातत्त्वाचे रीतसर शिस्तबद्ध शिक्षण त्यांना उत्खननाच्या खड्ड्यातच मिळाले. १९५० च्या दशकात नर्मदाकाठी महेश्वर आणि नवडाटोली येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे हसमुख सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या उत्खननांत ते सहभागी झाले. (त्याच दशकाच्या आरंभी जबलपूरशेजारच्या त्रिपुरीचे, म्हणजे आजच्या तेवरचे, उत्खनन मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी सागर विद्यापीठासाठी केले. मध्य प्रदेशाच्या पुरातत्त्वातील मराठी संशोधकांची ही फळी एकत्र अभ्यासण्याजोगी आहे.) नवडाटोलीची ताम्रपाषाणयुगीन लाल भांडी, त्यांवरील काळी नक्षी आणि त्यांचे थर पाहताना चित्रकाराला एक नवी गोष्ट उमगली असावी. रंग केवळ पाहायचा नसतो, तो कोणत्या थरात सापडला हे लिहून ठेवायचे असते. पुढे अवरा, मनोटी, इंद्रगढ येथे त्यांनी खणले. १९६१ मध्ये इंग्लंडमधील रॉक्सेटर येथे रोमन नगराच्या उत्खननात ते होते आणि नंतर फ्रान्समध्ये राहून त्यांनी तेथील चित्रित गुहांचा अभ्यास केला. फ्रान्समध्ये चित्रांची आणि जमिनीतील थरांची सांगड घालण्याचा उद्योग अर्ध्या शतकापासून सुरू होता. कोसळलेल्या भिंतीचा चित्रित तुकडा थरात गाडलेला मिळाला, तर चित्र त्या थरापेक्षा जुने ठरते, ही तेथली कसोटी होती. भारतात असा सुदैवी तुकडा सहजी मिळत नव्हता. म्हणून गेरूच्या खड्याचे मोल आणखी वाढले.

१९६४ मध्ये उज्जैनजवळ कायथा येथे त्यांना ताम्रपाषाणयुगाची एक अज्ञात वस्ती सापडली आणि १९६५-६६ मध्ये त्यांनी तिचे उत्खनन केले. कायथा हे वराहमिहिराचे कपित्थ असल्याची परंपरा आहे. त्याच्याही अडीच-तीन हजार वर्षे आधीचा हा समाज त्यांनी उजेडात आणला आणि ‘कायथा संस्कृती’ ही संज्ञा रूढ झाली. या कामगिरीची चर्चा अन्यत्र पुष्कळ झाली असल्याने तिचा येथे विस्तार नको. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने एवढे पुरे की कायथ्याने त्यांना थरांचा भरवसा दिला आणि तो भरवसा घेऊन ते भीमबेटकाला परतले.

१९७१ नंतरच्या काही वर्षांत त्यांनी भीमबेटकाच्या निवडक आश्रयांत उत्खनन केले. १९७३ पासून डेक्कन कॉलेजचे वीरेंद्रनाथ मिश्र यांनीही तीन-एफ-२३ या आश्रयात स्वतंत्रपणे खणण्यास आरंभ केला. सूक्ष्मास्त्रांच्या थरांत घासलेले गेरूचे खडे मिळाले. मध्याश्मयुगात येथे रंग उगाळला जात होता, याबद्दल मग शंका उरली नाही. वाकणकरांना मात्र त्याखालच्या, उत्तर पुराश्मयुगाच्या थरांत हिरव्या मातीचे तुकडे आढळले. भिंतींवर काही ठिकाणी गतिमान, लवचीक अशा मानवाकृती हिरव्या रंगात काढलेल्या आहेत आणि त्यांच्यावर लाल चित्रे आलेली आहेत. थरातील हिरवा खडा आणि भिंतीवरील हिरवी आकृती यांची त्यांनी जोड लावली आणि हिरवी चित्रे भारतातील सर्वांत जुनी, उत्तर पुराश्मयुगीन होत, असा सिद्धांत मांडला. रॉबर्ट ब्रुक्स यांच्यासह लिहिलेला त्यांचा भारतीय अश्मयुगीन चित्रांवरील ग्रंथ १९७६ मध्ये मुंबईत तारापोरवाला यांनी प्रसिद्ध केला. त्यामुळे हा विचार जगापुढे गेला.

याच उत्खननांत तीन-ए-२८ येथे एक दफन उघडे पडले. मृताच्या गळ्यापाशी शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे दोन मणी होते. शहामृग आज भारतात नाही. हिमयुगाच्या उत्तरार्धात तो मध्य भारतात आणि महाराष्ट्रात होता हे पाटण्यासारख्या स्थळांच्या उत्खननांनी दाखविले आहे. केवळ दोन मणी. सुंगीरच्या हजारो मण्यांपुढे ते नगण्य वाटतील. पण भीमबेटकाच्या माणसाने मृताला विनालंकार पाठविले नाही, याचा तो भारतातील अत्यंत जुना पुरावा होय. लाल रंगाच्या बाबतीत मात्र भारतीय दफने युरोपातील दफनांइतकी मुखर नाहीत. सराय नाहर राय, महादहा, दमदमा ही गंगेच्या मैदानातील मध्याश्मयुगीन दफनस्थाने असोत किंवा मिर्झापूरचे लेखहिया असो, गेरूत निजविलेल्या सुंगीरच्या मृतांसारखे भरगच्च दृश्य येथे ठळकपणे दिसत नाही. भिंतीवर इतका मुक्तहस्ताने उधळलेला रंग थडग्यात इतका आखडता का, हा प्रश्न गंभीर आहे. त्याचे एक उत्तर असे की रंग होता, पण तो ओळखला गेला नाही.

ओळखणे सोपे नाही, याला मध्य भारताची भूमी कारण आहे. भीमबेटकाच्या खालच्या थरांतील माती स्वतःच तांबूस आहे. लोहयुक्त पाणी मुरून हाडावर चढलेला तांबूस डाग आणि श्रद्धेने हाडावर शिंपडलेला गेरू हे दोन्ही रसायनाच्या साध्या कसोटीला सारखेच उतरतात, कारण दोन्हींत लोह असते. त्यांच्यातील फरक काढायचा तर दफनाभोवतीच्या मातीचे नमुने, त्याच थरातील पण दफनापासून दूरचे नमुने आणि हाडावरील डागाचे नमुने एकत्र तपासावे लागतात. सूक्ष्मदर्शकाखाली कण एकसारखे कुटलेले आहेत काय, हे पाहावे लागते. क्ष-किरणांच्या विवर्तनाने खनिजाची स्फटिकरचना कळते. रामरज भाजून केलेला लाल आणि खाणीतला मूळचा लाल यांतील फरकही काही वेळा तिच्यावरून हाती येतो. शेवटी अत्यल्प प्रमाणात असणाऱ्या मूलद्रव्यांची मोजदाद करून गेरू कोणत्या खाणीचा असावा याचा अदमास बांधता येतो. सिहोऱ्याचा हेमेटाइट, विंध्याच्या वालुकाश्मातील लोहकण आणि दख्खनच्या पठारावरील जांभा यांची ही अल्पांश-लक्षणे सारखी नसतात. या साऱ्या पद्धतींचा आज जसा प्रसार झाला आहे तसा तो १९७० च्या दशकात भारतीय उत्खननस्थळांवर नव्हता. मुख्य म्हणजे, खणताना मातीचे असे नमुने जपून ठेवले नसतील तर पुढे कितीही उत्तम यंत्र आले तरी ते हतबल होते. उत्खनन ही वाचता वाचता फाडत जाण्याची पोथी आहे.

हिरव्या चित्रांच्या सिद्धांताला आक्षेपही याच दिशेने आले. डेक्कन कॉलेजमधूनच डॉक्टरेट मिळविलेले चित्रकार-संशोधक यशोधर मठपाल यांनी भीमबेटकाच्या चित्रांच्या हजारो आकृती जलरंगांत उतरवून १९८४ मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. येथील सर्वांत जुनी चित्रे मध्याश्मयुगापलीकडे नेण्यास त्यांनी संमती दिली नाही. थरातील खडा भिंतीवर लागला, की अंगावर लागला, की कातड्यावर लागला, हे खडा सांगत नाही. त्यामुळे वाकणकरांचा निष्कर्ष सिद्ध झाला असे म्हणता येणार नाही. तो खोटा ठरला असेही नाही. परंतु भारतात शैलचित्रांचा काळ केवळ शैलीवरून ठरविण्याची जी सवय होती, ती मोडून प्रश्न भुईकडे आणि रंगद्रव्याकडे नेण्याचे श्रेय त्यांना द्यावेच लागते. मठपाल यांचा आक्षेपही वाकणकरांनी आखून दिलेल्या मैदानावरच उभा आहे.

डोळ्यावर विसंबण्याची जोखीम किती असते याचा एक अगदी अलीकडचा नमुना त्याच टेकडीवर घडला. भीमबेटकाच्या मोठ्या दालनासारख्या गुहेच्या छतावर डिकिन्सोनिया या पन्नास कोटी वर्षांहून जुन्या जीवाचा जीवाश्म सापडल्याचे २०२१ मध्ये नामांकित भूवैज्ञानिकांनी जाहीर केले. २०२३ मध्ये इतर संशोधकांनी दाखवून दिले की तो मोहोळाचा उरलेला ठसा होता आणि दरम्यानच्या काळात तो झिजून गळू लागला होता. वाकणकरांच्या हिरव्या खड्याची थट्टा करण्यापूर्वी हे उदाहरण आठवावे. त्यांच्या आक्षेपकांनीही ते आठवावे, आणि भक्तांनीही.

भक्त म्हणण्याचे कारण असे की त्यांच्या हयातीतच त्यांच्याभोवती आख्यायिका जमू लागल्या होत्या. १९७३ मध्ये पुणे विद्यापीठाने भारतातील चित्रित शैलाश्रयांवरील प्रबंधासाठी त्यांना डॉक्टरेट दिली. १९७५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. संस्कार भारती या संस्थेच्या १९८१ मधील स्थापनेत त्यांचा पुढाकार होता आणि १९८० च्या दशकात लुप्त सरस्वतीच्या पात्राचा माग काढणाऱ्या मोहिमेचे नेतृत्वही त्यांनी केले. त्या मोहिमेतील निष्कर्षांविषयी मतभेद आहेत आणि ते राहतील. शैलचित्रांच्या नोंदीचे काम मात्र मतभेदांच्या पलीकडचे आहे. दंगवाडा, रुणिजा येथील उत्खनने, नाणी, मूर्ती, लिपी अशी त्यांची व्याप्ती पाहिली, की एका माणसाने इतके विषय का हाताळावे असा प्रश्न पडतो. त्यामुळे काही कामांचे अहवाल हवे तसे पूर्ण झाले नाहीत, हे खेदाने नोंदवावे लागते. कार्लाइल यांच्याबाबत घडले त्याची ही सौम्य पुनरावृत्तीच म्हणावी लागेल.

त्यांच्या अखेरच्या दशकातच मध्य प्रदेशाच्या सीधी जिल्ह्यात बाघोर येथे अलाहाबाद विद्यापीठाचे जी. आर. शर्मा आणि अमेरिकेतील डेस्मंड क्लार्क यांच्या चमूने एक विलक्षण गोष्ट उघड केली. उत्तर पुराश्मयुगाच्या अखेरीच्या थरात दगडगोट्यांचा एक चौथरा होता आणि त्याच्या मधोमध त्रिकोणी वलये असलेला लोहयुक्त वालुकाश्माचा खडा बसविलेला होता. आसपासच्या गावांतील कोल आणि बैगा लोक तशाच त्रिकोणी वलयांच्या दगडांना चौथऱ्यावर मांडून, लाल रंग लावून देवी म्हणून पुजत असल्याचे संशोधकांना आढळले. रंग द्यावयाचा तो दगडही मुळात लोहाने तांबूसच होता, हे विशेष. महाराष्ट्रात दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी आडवाटेवरच्या शेंदूर फासलेल्या तांदळ्यांकडे पाहून अशाच सातत्याचा विचार १९६० च्या सुमारास मांडला होता. शेंदूर म्हणजे बळीच्या रक्ताचा पर्याय, असे त्यांचे म्हणणे. पण येथेही रसायनाला आपला शब्द सांगू दिला पाहिजे. शेंदूर हे शिशाचे संयुग असून ते भट्टीत तयार करावे लागते. गेरू डोंगरात मिळतो. धातुविद्या आल्यावाचून शेंदूर येत नाही. म्हणून बाघोरच्या तांबड्यापासून म्हसोबाच्या शेंदरापर्यंत एक सरळ रेषा काढण्यापूर्वी गेरूच्या जागी शेंदूर कोठे, केव्हा आणि कोणाच्या हातून आला, याचा शोध घ्यावा लागेल. दगडांवरील शेंदराच्या थरांचा उभा छेद घेऊन खालच्या थरात गेरू मिळतो काय, हे पाहण्यासारखे आहे. वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरील शेंदराचा दाट लेप २०२२ मध्ये काढण्यात आला, तेव्हा असे थर किती जाड साठू शकतात हे महाराष्ट्राने प्रत्यक्ष पाहिले आहे.

वाकणकरांच्या नकलांत आणि लेखनात दगडावरचा रंग आणि त्याला आजही हात जोडणारे लोक यांची सांगड वारंवार येते. त्यांच्या दृष्टीने शैलचित्रे ही मेलेल्या जगाची नव्हती. भिल्लांच्या भिंतीवरील पिठोऱ्याचे घोडे आणि भीमबेटकाचे लाल घोडे यांत त्यांना नाते दिसे. हे नाते सिद्ध करण्यास रंगाचे पृथक्करण पुरे पडत नाही. तेथे लोकवाङ्मय, विधी आणि भाषा यांच्या अभ्यासकांनी उतरले पाहिजे, आणि ते अद्याप पुरेसे उतरलेले नाहीत.

एप्रिल १९८८ मध्ये सिंगापूर येथे, प्रवासात असतानाच, त्यांचे निधन झाले. तेव्हा ते एकोणसत्तराव्या वर्षात होते. त्यांचा संग्रह, नकला आणि टिपणे उज्जैन येथे त्यांच्या नावाच्या शोधसंस्थेत आहेत. २००३ मध्ये युनेस्कोने भीमबेटकाचा जागतिक वारशात समावेश केला. ज्या प्रबंधावर त्यांना १९७३ मध्ये पदवी मिळाली होती तो ग्रंथरूपाने मध्य प्रदेशाच्या पुरातत्त्व संचालनालयाने भोपाळहून २००५ मध्ये छापला, त्यांच्या मृत्यूनंतर सतरा वर्षांनी.